दीर्घ दुखणे आणि आभार



आमच्या घरी कर्करोग आहे, हे आता चारठाण्यात कोणापासून लपलेले नाही. माझ्या पत्नीच्या स्तनाचा हा रोग शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षांनी हाडांत उतरला. त्यास हे पाचवे वर्ष. हाडांत गेलेला हा रोग बहुधा समूळ जात नाही. परंतु गोळ्या व इंजेक्शने यांच्या योगाने पुष्कळांच्या बाबतीत तो वर्षानुवर्षे आवरून धरता येतो. म्हणजे पुरते बरे होणे नाही, आणि संसार तर चालवावयाचा आहे. या स्थितीविषयी लोक जे बोलतात, त्यातील दोन गोष्टी मला मान्य नाहीत.

आमच्या मंडळीतीलच काही जण म्हणतात, "मास्तर, विश्वास दृढ असता तर बाई केव्हाच बऱ्या झाल्या असत्या." पौलाने आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा प्रार्थना केली, तो निघाला नाही. पौलाचा विश्वास उणा होता, असे म्हणावयास कोणी धजेल काय? अशा बोलण्याने रोग्याच्या माथी रोगाबरोबर अपराधही बसतो. ते ऐकून त्या वेळी ती गप्प राहिली, रात्री मात्र तिने विचारले, "अहो, माझेच काही चुकले का?" तो प्रश्न मला अजून सोडत नाही.

दुसरे काही जण म्हणतात की, रोगाबद्दलही देवाचे आभार मानावे. हे मला साधत नाही, आणि साधावे अशी इच्छाही नाही. आभार मानावयाचे ते जे खरोखर मिळाले त्याचे. परळचे टाटा रुग्णालय हे त्यातील मोठे देणे होय. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढील वर्षी सर दोराबजींनी त्यांच्या नावे अशा रोगांच्या संशोधनासाठी निधी स्थापिला, आपली संपत्ती दुसऱ्या एका विश्वस्त निधीस दिली, आणि त्याच वर्षी तेही निवर्तले. मेहेरबाईंचा ज्युबिली हिरा आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून वजनदार होता. तोही विकला जाऊन पैसा निधीस मिळाला. त्या निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले. तेथील बाकावर पाळीची वाट पाहताना मी ही हकीकत सांगितली, तेव्हा पत्नी म्हणाली, "बाईंचा हिरा आपल्या कामी आला म्हणावयाचा!" ती हसली, याचेही मी आभार मानले. शिवाय दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, रेल्वेभाड्यातील सवलत आहे, आणि आम्ही मुंबईस असता आमच्या शेळीची धार काढणारी शेजारीण आहे. (त्या दुधाचा हिशेब ती ठेवीत नाही, मी ठेवतो.)

एकनिष्ठेविषयी विवाहाच्या वेळी मी वचन दिले, तेव्हा ती काहीतरी भव्य वस्तू असावी असे वाटे. प्रत्यक्षात ती गरम पाण्याची बादली, गोळीची वेळ आणि रागाचा आवर यांतच बहुधा असते. त्यातही मी चुकलो आहे. औषधाने तिच्या जिभेची चव गेली होती हे ठाऊक असूनही, मागल्या पावसाळ्यात भाजी अळणी झाली म्हणून मी ताट पुढे सारले. तिने काही न बोलता मीठ आणून ठेवले. क्षमा मागावयास मला दोन दिवस लागले.

पालकांस एकच विनंती आहे. आमच्या मुलास आम्ही "आईची पाठ दुखते" असे वर्षभर सांगितले. त्याने औषधाच्या चिठ्ठीवरून खरे ओळखले, आणि आम्हांस दुःख होऊ नये म्हणून तोही चार महिने अजाण असल्याचे सोंग करीत राहिला. बारा वर्षांच्या मुलाने ते ओझे एकट्याने वाहिले. घरी दुखणे असेल तर मुलांस त्याचे नाव सांगावे; त्यांच्या वयास पेलेल इतके सांगावे, पण खरे सांगावे. आता तोच आईच्या गोळ्यांची डबी रविवारी भरून ठेवतो.

येत्या सोमवारी रात्रीच्या गाडीने आम्हांस पुन्हा मुंबईस जावयाचे आहे. इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांनी समासांच्या वह्या शनिवारीच माझ्या टेबलावर ठेवाव्यात. वाट पाहण्याच्या वेळात त्या तपासून होतात.