विषाणू बदलतो, पिंपे तीच राहतात

चिकुनगुन्याची साथ आली की 'विषाणूने रूप बदलले' हे स्पष्टीकरण मोठ्या तत्परतेने पुढे केले जाते. ते खोटे नाही, अर्धे आहे. उरलेला अर्धा भाग राज्यकर्त्यांच्या सोयीचा नाही.

२००५-०६ साली हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर या रोगाने सुमारे एक तृतीयांश लोकसंख्येला गाठले. तेथील विषाणूच्या आवरणातील ई-१ या प्रथिनात २२६ व्या स्थानी अॅलानिनच्या जागी व्हॅलिन आले होते. एवढ्याशा फरकाने तो एडिस अल्बोपिक्टस या डासाच्या शरीरात अधिक सहज रुजू लागला. २००६ साली भारतात संशयित रुग्ण तेरा लाखांवर गेले, महाराष्ट्रही त्यात होरपळला. परंतु आपल्याकडच्या त्या वेळच्या विषाणूत हा बदल नव्हता. तो २००७ साली केरळात आढळला. तेथे रबराच्या मळ्यांत चीक गोळा करण्याच्या वाट्यांत पावसाचे पाणी साचते आणि अल्बोपिक्टस मुबलक वाढतो. पठारावर घरच्या साठवणीत पैदा होणारा एडिस इजिप्ती होता, आणि त्याच्याकरवी पसरण्यास विषाणूला या नव्या बदलाची गरजच पडली नाही. उत्परिवर्तन योगायोगाने घडते. ते फोफावते की विरते, हे माणसाने उभ्या केलेल्या परिस्थितीवर पुष्कळ अवलंबून असते.

पुणे जिल्ह्यातच यवत येथे २००० साली डासांतून मिळालेला विषाणू आफ्रिकी वंशाचा होता. १९७३ च्या बार्शीच्या साथीतील आशियाई वंशाचा नव्हे. म्हणजे नवा पाहुणा किमान पाच वर्षे आपल्यात वावरत होता. त्याची वार्ता मात्र साथ उसळल्यावर, २००६ साली प्रसिद्ध झाली!

आता मुळशीकडे पाहा. विषाणूंचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे पाषाण येथील आवार या तालुक्याच्या वेशीजवळ आहे. ताम्हिणीकडील बांबूची बेटे आणि झाडांच्या ढोल्या म्हणजे अल्बोपिक्टसला हवा तसा निवारा. हिंजवडी-पिरंगुटकडे बांधकामांच्या टाक्या आणि मजुरांच्या झोपड्यांतील पिंपे. ती इजिप्तीच्या सोयीची. विषाणू कोणत्याही दिशेने बदलो, वाहक सापडण्यास येथे अडचण नाही. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याचे पाणी आजही भिऱ्याच्या वीजकेंद्रावर जाते, आणि त्याच धरणाच्या परिसरातील वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा घरातील बाईला 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा' असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा लागतो, हे शास्त्र बरोबरच. पण पिंप रिकामे करून पुन्हा भरायचे कशाने?

म्हणून मागणी नेमकी हवी. विषाणूच्या जनुकीय तपासणीचे निष्कर्ष शोधनिबंधाआधी प्राथमिक आरोग्य केंद्रांना कळावेत. तालुक्यात कोणता डास कोठे आहे, याची बारमाही नोंद व्हावी. कामगारवस्तीला झाकणाच्या टाक्या देण्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकावी. मजुराला नोटीस बजावून ती संपत नाही. आणि धरणग्रस्तांच्या वाड्यांना नळाचे पाणी मिळावे. एका शतकाची ही थकबाकी आहे.