ताटातला धडा

अहिल्यानगर शहरालगतचे नागापूर औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. अशा कामगारवस्त्यांत आईबाप पाळीवर निघताना मुलाच्या हातावर पाच रुपये ठेवतात आणि त्यांचा वेफर्सचा पुडा होतो. या मुलांना ‘संतुलित आहार’ शिकवावा, असा उपदेश आता सर्वत्र ऐकू येतो. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. मुलाचे अज्ञान हेच कुपोषणाचे मूळ, असे एकदा ठरवले की तुटपुंजी मजुरी, महागाई आणि शासन हे तिघेही निर्दोष सुटतात.

आहाराचा खरा धडा फळ्यावर नव्हे, ताटात असतो. शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पण शिजवलेले अन्नच द्या, हे राज्यांना बजावण्यासाठी २८ नोव्हेंबर २००१ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा हक्क ठरले. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी ठरलेले माप असे : ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिने, त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. हे माप किती पालकांना ठाऊक आहे? आपल्या हक्काचे माप वाचता येणे, ही आहारसाक्षरतेची पहिली इयत्ता होय.

महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये या आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून शाळांना लोकवर्गणीची वाट दाखवली. वर्गात अंड्यातील प्रथिने शिकवायची आणि ताटातील अंडे काढून घ्यायचे, हे कसले शिक्षण?

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. शाळेची पायरी न चढलेल्या या आदिवासी शेतकरी स्त्रीला २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अन्नाचे ज्ञान कष्टकऱ्यांच्या घरात आहे. शाळेने त्याला दार उघडले पाहिजे.

कार्यकर्त्यांना येथे काम आहे. ठरलेले माप शाळेच्या भिंतीवर लिहून घ्यावे. डाळ-भाजी मुलांसमोर तोलली जावी. जागा असेल तेथे परसबाग लावावी. स्वयंपाक करणाऱ्या बायांना शिक्षकाचा मान आणि पोटापुरते वेतन मिळावे, यासाठी झगडावे. ताटात काय आहे हे ओळखणारे मूल उद्या काय नाही हेही विचारील. तो प्रश्न विचारला जाणे, हेच या शिक्षणाचे फलित.