प्रोग्रामर्सचा कट्टा जरूर चालवा, पण तिथे दुकान मांडू नका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ओळखी वाढवण्यावर बोललो. त्यातला एक मुद्दा घाईत आटपावा लागला, तो इथे नीट मांडतो. तुमच्यापैकी बरेच जण कॉम्प्युटर क्लास, रिपेअरिंगचं दुकान, वेबसाइट बनवायचं काम किंवा बिलिंग सॉफ्टवेअरची एजन्सी टाकायच्या विचारात आहात. अशा सगळ्यांना माझा सल्ला एकच आहे. तुमच्या गावात प्रोग्रामर्सचा युजर ग्रुप सुरू करा.

युजर ग्रुप म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. पायथन म्हणा, पीएचपी म्हणा, लिनक्स म्हणा, एकाच प्रकारचं काम करणारी माणसं ठरलेल्या दिवशी एकत्र जमतात. एक जण काहीतरी करून दाखवतो, बाकीचे प्रश्न विचारतात, चहा होतो आणि मंडळी घरी जातात. फी नाही, सर्टिफिकेट नाही, स्टेजवर सत्कार नाही.

पण माझ्या दोन अटी आहेत. पहिली, तारीख हलवायची नाही. दुसरी, तिथे काहीही विकायचं नाही. पहिली अट पाळायला कष्ट पडतात. दुसरी पाळायला मन घट्ट करावं लागतं, कारण आपण धंदेवाले आहोत आणि समोर वीस गिऱ्हाईकं बसलेली दिसली की जीभ सुटते.

गॅरेजमधला ग्रुप आणि एक दुकानदार

ही कल्पना कुठे सिद्ध झाली ते सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या मेन्लो पार्क गावात 5 मार्च 1975 रोजी गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक माणसं जमली. फ्रेड मूर आणि फ्रेंच या दोघांनी बोलावलेली ही बैठक. नुकताच आल्टेअर 8800 नावाचा कॉम्प्युटरचा किट बाजारात आला होता आणि तो कसा जोडायचा, त्यावर काय करायचं, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. या ग्रुपचं नाव पुढे होमब्रू कॉम्प्युटर क्लब पडलं. तो 1986 पर्यंत चालला.

त्या पहिल्या बैठकीला स्टीव्ह वॉझ्नियॅक होता. ह्युलेट-पॅकार्डमध्ये नोकरी करणारा, मुळात बुजरा माणूस. तिथे जे पाहिलं त्यातून त्याला स्वतःचा कॉम्प्युटर बनवायची कल्पना सुचली. बनवल्यावर त्याने काय केलं? त्याची सर्किटची आकृती क्लबात फुकट वाटली. ज्याला हवी त्याने न्यावी आणि बनवावी.

आता आपल्या कामाचा भाग. त्याच क्लबात पॉल टेरेल नावाचा दुकानदार येत असे. माउंटन व्ह्यूला त्याचं बाइट शॉप होतं. त्याने तो कॉम्प्युटर पाहिला आणि स्टीव्ह जॉब्सला ऑर्डर दिली, 50 नग, प्रत्येकी 500 डॉलर. अट अशी की सुटे भाग नकोत, बोर्ड पूर्ण जोडून द्या. या ऑर्डरच्या जोरावर पोरांनी 30 दिवसांच्या उधारीवर पार्ट्स उचलले. ॲपल कंपनीचा पहिला खरा धंदा हा असा झाला.

यातून काय घ्यायचं ते बघा. क्लबात कुणी सेल्स पिच केला नव्हता. एकाने काम दाखवलं, दुसऱ्याने ओळखलं. आणि ओळखणारा दुकानदार होता. नवीन काय येतंय हे त्याला कुठल्याही डीलरच्या आधी कळलं, कारण तो तिथे नेमाने जाऊन बसत होता.

म्हणून "सर, मला कोडिंग येत नाही, मी कसा ग्रुप चालवू?" असं म्हणू नका. मी बीबीए केलंय, मलाही कोड लिहिता येत नाही. माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ही मंडळी जमतात. माझं काम खुर्च्या लावणं, टीव्हीला केबल जोडणं आणि वेळेवर चहा मागवणं एवढंच.

तारीख म्हणजे ग्रुप

बहुतेक ग्रुप चांगला वक्ता मिळाला नाही म्हणून बंद पडत नाहीत. "या महिन्यात जरा अवघड आहे, पुढच्या महिन्यात बघू" या एका वाक्याने बंद पडतात. तुम्ही एकदा पुढे ढकललं की पुढच्या वेळी लोक आधी फोन करून विचारतात, "नक्की आहे ना?" ज्या दिवशी हा प्रश्न सुरू झाला, त्या दिवशी ग्रुपचा पाया ढिला झाला.

पुण्यातला लिनक्स वापरणाऱ्यांचा ग्रुप बघा. महिन्याचा पहिला शनिवार हीच त्यांची ओळख झाली. आठवडी बाजाराला कुणी निमंत्रण पाठवत नाही. बुधवारचा बाजार बुधवारी भरतो, पाऊस असो की ऊन. तसंच हे.

तारीख निवडताना मात्र डोकं लावा. गावचा बाजार त्या दिवशी नको, कॉलेजच्या पोरांच्या क्लासची वेळ नको. रात्रीची वेळ टाळा. सकाळी साडेदहा ते साडेबारा ठेवलं की मुलीही येतात आणि त्यांच्या घरचेही विचारात पडत नाहीत. बंद गाळ्यापेक्षा वाचनालयाचा हॉल, रविवारी रिकामा असलेला क्लास अशी चार लोकांना माहीत असलेली जागा घ्या. गणपती-दिवाळीत रविवार येणार असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच बदललेली तारीख जाहीर करून टाका. बारा तारखा एका कागदावर छापा आणि दुकानात लावा.

आणि चारच जण आले तरी बैठक घ्या. चार जणांची बैठक बऱ्याचदा चांगली होते, कारण प्रत्येकाला बोलायला मिळतं. जागेची किल्ली दोघांकडे ठेवा. तुम्ही लग्नाला गेलात म्हणून कुलूप दिसलं, असं होता कामा नये.

दोन तासांत काय करायचं

होमब्रू क्लब वाढला तेव्हा बैठका स्टॅनफर्डच्या लिनिअर ॲक्सिलरेटर सेंटरच्या सभागृहात व्हायला लागल्या. तिथे ली फेलसेन्स्टाइन सूत्रसंचालन करायचा. त्याची पद्धत सोपी होती. आधी लोकांनी उभं राहून थोडक्यात सांगायचं की माझ्याकडे काय आहे, मला काय हवंय, मी कशावर काम करतोय. नंतर सगळ्यांनी उठून ज्याच्याशी काम आहे त्याला जाऊन गाठायचं.

ही पद्धत जशीच्या तशी उचला. पहिली वीस मिनिटं ओळखीची फेरी. नाव, सध्या काय करतोय, कुठे अडकलोय. प्रत्येकाला अर्धा मिनिट. मग एक व्याख्यान, तीस मिनिटांच्या वर नाही. मग प्रश्न. मग चहा, आणि चहाला किमान अर्धा तास. खरं काम चहाच्या वेळी होतं, त्यामुळे तो वेळ व्याख्यानाला देऊ नका.

वक्ता कसा शोधायचा? "आमच्याकडे लेक्चर द्याल का?" असं विचारलं की माणूस घाबरतो. त्याऐवजी असं विचारा, "मागच्या आठवड्यात त्या मेडिकलवाल्याच्या बिलिंगमध्ये जीएसटीचा राउंडिंगचा घोळ होता, तो तू कसा सोडवलास ते दाखवशील का?" आता तो नक्की येईल, कारण त्याला ते माहीत आहे. स्लाइड्सची सक्ती नको. स्क्रीनवर चालणारा प्रोग्राम दिसला पाहिजे, आणि तो मध्येच बंद पडला तरी हरकत नाही. तो का बंद पडला हे सगळ्यांनी मिळून शोधणं हेसुद्धा व्याख्यानच आहे.

मराठीत बोलू द्या. डेटाबेस, सर्व्हर, लूप हे शब्द तसेच राहू देत, पण वाक्यं मराठीत. बारावी झालेलं एखादं पोरगं इंग्रजीला बिचकून मागे बसलेलं असतं आणि त्यालाच नेमकं उत्तर माहीत असतं.

खर्चाचा हिशोब

जागा फुकट मिळते, मिळवावी लागते. दहा रुपयांचा चहा, वीस माणसं, दोनशे रुपये. बिस्किटं, पाण्याचा जार धरून तीनशे-चारशे. वर्षाचे पाच हजाराच्या आत. तुम्ही फ्लेक्सवर आणि पॅम्प्लेटवर किती घालता ते आठवा. हवं तर चहाच्या किटलीशेजारी एक डबा ठेवा, ज्याला वाटेल तो टाकेल. पण प्रवेश फी लावू नका. फी घेतली की माणूस पैसे वसूल झाले का ते मोजत बसतो आणि तुम्ही ग्रुपचे क्लास मालक होता.

विकायचं नाही म्हणजे नाही

आता दुसरी अट. मला एका क्लासवाल्यांनी वर्षभराच्या चहा-नाश्त्याचा खर्च देऊ केला होता. बदल्यात त्यांना रजिस्टरमधले मोबाइल नंबर हवे होते. मी नाही म्हटलं. हिशोब सरळ होता. लोकांनी नंबर मला तारीख कळवण्यासाठी दिलेत. ते दुसऱ्याला दिले तर पाच हजार वाचतील, आणि पुढच्या महिन्यात पाच माणसंही येणार नाहीत. शिवाय आता देशात 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरायची, ही त्यातली मूळ गोष्ट आहे.

पण कायदा बाजूला ठेवा. प्रोग्रामर माणसाला विक्रीचा वास दुरून येतो. एकदा तुम्ही बैठकीत आपल्या सॉफ्टवेअरची स्कीम सांगितली की पुढच्या वेळी तो अडचण मोकळेपणाने सांगणार नाही. त्याला वाटेल, अडचण सांगितली की हे काहीतरी गळ्यात मारणार.

माझे नियम असे आहेत. कुणाकडे नोकरी किंवा काम असेल तर शेवटी उभं राहून एक मिनिटात सांगायचं. चहा द्यायचा असेल त्याने द्यावा, त्याचं नाव घेऊन आभार मानू, पण व्याख्यान त्याला त्या बदल्यात मिळणार नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त तारीख, विषय आणि जागा. हे नियम मलाही लागू. माझ्या दुकानाची ऑफर मी तिथे कधी सांगत नाही.

फुकट वाटण्यालाही मर्यादा आहे. होमब्रूच्याच काळात आल्टेअरसाठी बनवलेल्या बेसिक भाषेची कागदी टेप क्लबात कॉपी होऊन वाटली गेली. ती बनवणाऱ्यांपैकी एक होता वीस वर्षांचा बिल गेट्स. त्याने 1976 मध्ये छंद म्हणून कॉम्प्युटर चालवणाऱ्यांना उघड पत्र लिहिलं की ही चोरी आहे, असं केलंत तर चांगलं सॉफ्टवेअर लिहिणार कोण? तुमच्या बैठकीत क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचा पेनड्राइव्ह फिरू देऊ नका. स्वतःचं ज्ञान वाटा, स्वतःचा कोड वाटा. दुसऱ्याचा माल वाटायचा हक्क आपल्याला नाही. उद्या तुम्हीच सॉफ्टवेअर विकायला बसणार आहात हे विसरू नका.

मग मला काय मिळणार?

हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की पहिले सहा महिने काहीच मिळणार नाही. त्यानंतर तुम्हाला माणसं कळायला लागतात. कोण शब्दाचा पक्का, कोण "मला हे येत नाही" असं सरळ सांगतो, कोण नवख्याला न हसता समजावतो. पंधरा मिनिटांच्या इंटरव्ह्यूत हे कधीच कळत नाही. मला पोरगा कामाला ठेवायचा असतो तेव्हा मी जाहिरात देत नाही, वर्षभर पाहिलेल्या पोरांपैकी एकाला विचारतो.

काही जण म्हणतात, "माझाच पोरगा तिथे जाऊन दुसऱ्याकडे नोकरीला लागेल." लागेलही. ज्याला जायचंय तो तुमच्या कुलपाने थांबत नाही. पण शिकायला पाठवणारा मालक म्हणून तुमचं नाव झालं तर पुढचा पोरगा स्वतःहून दारात येईल.

आणि काही म्हणतात, आता सगळं एआयला विचारलं की मिळतं, भेटायचं कशाला? उत्तर मिळतं, मान्य. पण गिऱ्हाईकाचा सर्व्हर शनिवारी रात्री नऊला बसला, तर गाडीला किक मारून येणारा माणूस मोबाइलच्या स्क्रीनमधून बाहेर पडत नाही. तो तुम्हाला आधीपासून ओळखत असावा लागतो.

तर या आठवड्याचा गृहपाठ. कॅलेंडर घ्या, पुढच्या सहा महिन्यांच्या सहा तारखा लिहा. एक जागा पक्की करा. ओळखीतल्या पाच जणांना प्रत्यक्ष भेटून सांगा, फॉरवर्ड मेसेज नको. आणि त्यातल्या एकाला त्याने नुकतंच सोडवलेलं एखादं दुखणं दाखवायला तयार करा. वक्ता, जागा, चहा झाला. ग्रुप सुरू.

पुढच्या व्हिडिओत भेटू. तोपर्यंत तारीख ठरवा, आणि ठरलेली मोडू नका.