पाण्यापर्यंतची वाट

उन्हाळ्याची सुटी लागली कीं मंगरूळपीर तालुक्यांतील आमच्या आसेगांवच्या घरांत दहा-बारा मुलें जमतात. कोणी पुण्याचीं, कोणी नागपूरचीं, आणि एक भाची हैदराबादेहून येते. यंदां सर्वांचा एकच हट्ट होता : पोहावयास जावयाचें! शहरांतील निळ्या फरशीच्या, औषधाचा वास येणाऱ्या तलावांत हीं मुलें पोहणें शिकलेलीं. आतां त्यांस उघड्या आभाळाखालचें, जिवंत झऱ्याचें पाणी हवें होतें. मागणी रास्त होती. परंतु ती पुरवितांना प्रस्तुत लेखकास जें शिकावें लागलें, तें वाचकांच्या घरींहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून या महिन्याचें लेखन त्याकडे लावीत आहें.

पहिला प्रश्न असा कीं, पाणी शोधावें कोठें? वाशीम जिल्हा (तो १९९८ सालीं अकोला जिल्ह्यांतून वेगळा झाला) हा पाणलोटाच्या माथ्यावर वसलेला आहे. काटेपूर्णा येथून उत्तरेस जाऊन पूर्णेच्या द्वारें तापीस मिळते. अडाण व अरुणावती यांचें पाणी पैनगंगेंत जाऊन वर्धा-गोदावरीच्या वाटेनें पूर्वसमुद्र गांठतें. एकाच जिल्ह्यावर पडलेला पाऊस दोन समुद्रांस वांटला जातो, ही गोष्ट मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखविण्याजोगी आहे. मात्र याचा दुसरा अर्थ असा कीं, आमच्या नद्या येथें बाल्यावस्थेंत आहेत. श्रावणांत पूर आणि वैशाखांत वाळू, असा त्यांचा क्रम. वळणावर किंवा काळ्या पाषाणाच्या पायरीखालीं एखादा डोह तेवढा उरतो. आणि त्याची खोली नकाशा सांगत नाहीं, गुराखी सांगतो. म्हणून पाण्याचा शोध घेतांना प्रथम गुरें राखणाऱ्यास विचारावें, नंतर मासे धरणाऱ्यास. त्यांनीं ‘तिकडे जाऊं नका’ म्हटलें तर कारण न विचारतां परत फिरावें.

कांहीं ठिकाणें मीं आरंभींच वगळलीं. वाशीमचें पद्मतीर्थ हें तीर्थ आहे, तेथें हुंदडणें शोभत नाहीं. लोणारचें सरोवर खारें आणि संरक्षित. धरणांचें पाणी वरून शांत दिसतें. पण तळाशीं गाळ, बुडालेलीं झाडें, क्वचित् जुन्या विहिरीहि असतात, आणि पुष्कळ ठिकाणीं मनाईचा फलक असतो. धबधब्यांविषयीं तर बोलावयासच नको. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणामागील प्रवाहांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले, तें आपण सर्वांनीं वाचलें आहे. पाऊस वर डोंगरांत पडतो आणि लोंढा खालीं ऊन असतांना येतो, हें मुलांच्या मनावर ठसविलेंच पाहिजे.

उरल्या विहिरी. वऱ्हाडांत उन्हाळ्यांत खोल पाणी म्हणजे विहिरीचेंच. आणि येथें दुसरा, अधिक कठीण प्रश्न उभा राहिला : पाणी सांपडलें, पण तेथवर जावयाचें कोणत्या हक्कानें?

सरकारी दप्तर पाहूं गेल्यास नद्या, नाले, तळीं यांचे जे तळ कोणा खासगी मालकाचे नाहींत, ते १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें शासनाचे आहेत. गांवनकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनें आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनें दाखविलेली असते. तलाठ्याकडे ती पाहतां येते. नदीकडे जाणारी जुनी पांदण तिच्यावर असली तर वाटेचा प्रश्नच सुटला. परंतु खासगी शेतांतल्या विहिरीस यांपैकीं कांहींच लागू नाहीं. परदेशांतहि ही अडचण आहे. स्कॉटलंडनें २००३ च्या कायद्यानें नद्या-सरोवरांवर सर्वांस जाण्याचा हक्क दिला. शेजारच्या इंग्लंडांत २००० च्या कायद्यानें माळरानावर पायीं फिरण्यास मोकळीक मिळाली, पण तेथील पाण्यांत उतरणें त्या मोकळिकींतून स्पष्टपणें वगळलें. पॅरिसच्या सीन नदींत १९२३ पासून पोहण्यास मनाई होती, ती कांहीं ठराविक जागांपुरती २०२५ च्या जुलैंत उठली. सारांश, उघड्या पाण्यांत उतरावयास जगांत बहुतेक सर्वत्र कोणाची तरी परवानगी लागते.

आम्हांस ती ज्या विहिरीसाठीं हवी होती, ती एके काळीं आमचीच होती. आजोबांनीं बांधविलेली, घडीव दगडांच्या पायऱ्यांची. शेत विकलें गेलें, मालक बदलत गेले, आणि आज तें एका बौद्ध कुटुंबाकडे आहे. सकाळीं मुलांस पांदणीवर उभें करून मी एकटाच शेतांत गेलों. शेताचे मालक माझ्याच वयाचे. मीं विचारलें, त्यांनीं लगेच होकार दिला.

“उतरा ना भाऊ. पोरायले पोहू द्या. पन मोटर बंद केल्याबिगर कोनी पान्यात जाऊ नोका, अन् साबन लावू नोका. प्याचं पानी हाये.”

मी आभार मानून वळणार तोंच ते विहिरीकडे पाहत म्हणाले, “माहा आजा ह्या पायऱ्या कधी उतरला नाही. वरतेच उभा राहे, कोनी पानी घालेपर्यंत.”

स्वरांत राग नव्हता. पण ती गोष्ट माझ्या कानांवर पडावी अशी त्यांची इच्छा होती, हें निश्चित. ‘खरें आहे,’ एवढेंच मी म्हणूं शकलों. आमच्या घरांत त्या विहिरीच्या बांधकामाचा खर्च, तिचें गोड पाणी, दुष्काळांतहि न आटलेला तिचा झरा, यांचें वर्णन मीं शंभरदां ऐकलें होतें. वर कोण उभें राहत असे, हें मात्र कोणी सांगितलें नव्हतें. आणि मीं तरी कधीं विचारलें होतें?

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर गच्चीवर मुलांना महाडची हकीकत सांगितली. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावे असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं संमत केला; महाडच्या नगरपालिकेनें पुढील वर्षीं चवदार तळें खुलें असल्याचें ठरविलें; आणि तरीहि २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्यासह आलेल्या हजारों लोकांनीं ओंजळभर पाणी घेतलें तेव्हां त्यांच्यावर हल्ला झाला आणि मागाहून तळें ‘शुद्ध’ करण्यांत आलें. हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनें लागावयास १९३७ साल उजाडावें लागलें. त्या लढ्यांत गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे बाबासाहेबांसमवेत होते, हेंहि मुलांना सांगितलें. आपल्यांतील सर्वच जण त्या वेळीं काठावर उभे राहून पाहत नव्हते, हें त्यांस कळावें म्हणून. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदांत विहिरी, तळीं आणि स्नानघाट हे शब्द नांव घेऊन कां घातले आहेत, तें मग निराळें समजवावें लागलें नाहीं. धाकट्या पुतण्यानें एवढेंच विचारलें, “मग त्यांनीं आपल्याला हो कां म्हटलें?” त्याचें उत्तर मजजवळ नव्हतें, त्यांनाच विचार, असें मीं म्हटलें.

दुसऱ्या दिवशीं पोहणें झालें. मालकांच्या दोन्ही मुली भल्या पहांटेपासून पाण्यांत होत्या. त्यांचे सूर पाहून आमच्या पुणेकरांचा तोरा क्षणांत उतरला. मुलींनीं विहिरींत उतरावें कीं नाहीं याविषयीं घरांत थोडी कुरकुर झाली होती, तीहि तेथेंच संपली. नवशिक्यांच्या पाठीस सुका भोपळा बांधला व कमरेस दोर लावला. घरोघरच्या कर्त्या मंडळींनीं पाळावे असे चार नियम येथें नमूद करतों. मोटारीची वीज मुख्य कळीपासून बंद झाल्याची खात्री स्वतः करून घ्यावी. पाण्यांत वीज उतरून माणसें दगावतात. बरेच दिवस उपसा नसलेल्या, झांकलेल्या विहिरींत विषारी वायु सांचतो, तींत कोणीहि उतरूं नये. तळ ठाऊक नसतां उडी मारूं नये. प्रथम पायऱ्यांनीं उतरावें आणि वर चढण्याची वाट पाहून ठेवावी. पोहतां येणारा एक तरी जाणता मनुष्य पाण्यांत व एक काठावर असल्याशिवाय मुलांस सोडूं नये. बुडणाऱ्यास हात देण्यापेक्षां दोर किंवा धोतर फेंकणें बरें. नाहीं तर तो देणाऱ्यासहि खालीं ओढतो.

सुटी संपतां संपतां मुलांनीं मालकांच्या मुलींबरोबर बसून खालच्या सहा पायऱ्यांवरील शेवाळ नारळाच्या शेंड्यांनीं घासून काढलें. पुतण्यानें आपला प्रश्न अखेर विचारला. मालक हंसून म्हणाले, “पानी कोनाले नाही म्हनू नये, हे आमाले मालूम हाये.” तो घरीं येऊन मला तें सांगत होता, तेव्हां आंत देवघरांत आमच्या आत्याबाई जप करीत होत्या. त्यांनीं माळ थांबविली, कांहीं बोलल्या नाहींत, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलांबरोबर स्वतः विहिरीवर आल्या.

पुढील उन्हाळ्यांत आम्हीं पुन्हा विचारूं. यंदांच्या होकारावर पुढचें वर्ष गृहीत धरावयाचें नाहीं, असें मुलांना बजावून ठेवलें आहे.