सगळ्यालाच तेल कशाला?

आपल्याकडे एक सार्वत्रिक समजूत आहे. जे करकरते, अडकते, घट्ट होते किंवा सुकते, त्याला तेल लावा. दाराची बिजागरी, शिलाई मशीन, सायकलची चेन, पोरांची डोकी, सगळ्यांवर औषध एकच. बहुतेक ठिकाणी ते लागूही पडते, म्हणून समजूत पक्की होत जाते. मग जिथे तेल म्हणजे विष, तिथेही माणूस बिनदिक्कत तेलाचे बोट फिरवून मोकळा होतो. आजचे लिहिणे त्या बोटाविरुद्ध आहे.

विषय ऐकून नात्यातली मंडळी हसणार. 'मावशी घोट्याच्या वर कधी पाण्यात उतरली नाही आणि ड्रायसूटवर लिहायला निघाली!' हसा खुशाल. पण ॲबर्डीनचा आपला भाचा दर उन्हाळ्यात ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लोमध्ये बुड्या मारतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. २१ जून १९१९ रोजी तिथे नजरकैदेत असलेल्या जर्मन आरमाराने आपलीच ५२ जहाजे बुडवली. त्यातली सात मोठी जहाजे अजून तळाशी आहेत, ती बघायला हे लोक जातात. पाणी भर उन्हाळ्यातही बारा-चौदा अंशांच्या घरात. पाणी अंगातली ऊब हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने ओढून नेते. म्हणून ड्रायसूट घालायचा. आत कोरडे उबदार कपडे, त्याभोवती थोडी हवा, आणि ही सगळी कोरडी दुनिया टिकते ती गळ्याच्या नि दोन मनगटांच्या पातळ रबरी पट्ट्यांवर. त्यांनाच सील म्हणतात.

हे सील घट्ट असतात. घालताना हात अडतो, कातडी ओढली जाते. लगेच कोणीतरी अनुभवी गृहस्थ सल्ला देतात, 'थोडे व्हॅसलीन लाव, काय होतेय?'

काय होते ते सांगते. बहुतेक सील लेटेक्सचे, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराचे असतात. व्हॅसलीन निघते खनिज तेलातून. असे तेल रबरात मुरते. रबर फुगते, मऊ पडते, चिकट होते आणि त्याची ताकद जाते. हे त्याच दिवशी दिसत नाही, हीच तर मेख आहे. काही महिने सगळे सुरळीत चालते, सल्ला देणारा शहाणा ठरतो. भाच्याच्या जोडीदाराचा मनगटाचा सील असाच हंगामभर 'मऊ' होत गेला आणि फाटला तो नेमका पाण्याखाली. बर्फगार पाणी बाहीत शिरले, आतले कपडे भिजले, बोटे बधिर झाली. ज्या बोटांनी झडपा फिरवायच्या तीच कामाला येईनात. दोघे सुखरूप वर आले म्हणून मी हे शांतपणे लिहू शकते. गळ्याचा सील गेला असता तर?

मुळात वंगण कशासाठी असते? बैलगाडीच्या आखाला ते लागते, कारण त्याच्यावर चाक दिवसभर फिरते, घासते. सीलचे काम नेमके उलटे. त्याने सरकायचेच नाही, कातडीला धरून गप्प बसायचे. निसरडेपणा हवा तो फक्त घालताना आणि काढताना, मिनिटभर. कासार बांगड्या भरताना हाताला साबण लावतो, तेवढाच. आखाचे वंगण आणि बांगडीचा साबण यांतला फरक ज्याला कळला त्याला सगळे कळले.

मग लावायचे काय? लेटेक्सला बिनवासाची साधी टाल्कम पावडर, किंवा सौम्य साबणाचे पाणी, किंवा पाण्यात विरघळणारी जेली. वासाची पावडर नको, त्या सुगंधातही तेल असते. हाताला सनस्क्रीन किंवा क्रीम असेल तर आधी धुवा. नखे कापलेली हवीत, घड्याळ-अंगठ्या काढलेल्या हव्यात. बुडी झाली की सील गोड्या पाण्याने धुवावेत, सावलीत वाळवावेत आणि ठेवताना पुन्हा पावडर लावावी. ऊन आणि विजेच्या मोटारींपासून निघणारा ओझोन हे रबराचे वैरी. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना लावलेले रबरबँड दोन उन्हाळ्यांत कसे तडकतात, हे आम्ही मास्तरमंडळींनी पाहिले आहे. त्यासाठी समुद्रात उतरावे लागत नाही.

'पण दुकानात सिलिकोन स्प्रे मिळतो की!' मिळतो. त्याने रबर लगेच मरत नाही, हेही खरे. पण त्याचा थर मागे राहतो आणि पुढे नवा सील चिकटवायची वेळ आली की गोंद धरत नाही. दुकानात मिळते म्हणून ते सगळीकडे लावावे, हा कुठला न्याय? पितळी चेनला मेण लागते, प्लास्टिकच्या चेनला तिच्या कारखान्याने सांगितलेले ग्रीस, तेही चेन बंद होते त्या टोकाशी. एकाच सूटवर तीन वस्तू, तिघींची पथ्ये वेगळी.

दुसरा युक्तिवाद जास्त चीड आणणारा आहे: 'सील काय, कधीतरी बदलायचेच असतात.' हो, लेटेक्स जपले तरी कधीतरी जाणारच. पण ते कुठे जाणार, घरी टेबलावर की तीस मीटर खाली, हे बरेचसे तुमच्या हातात असते. आणि घरी जायचे असेल तर बुडीआधी सील ताणून, उजेडात धरून बघायला हवा. त्याला पाच मिनिटे लागतात. हीच माणसे कॅमेऱ्यावर आणि दिव्यावर पैसे ओततात, त्यांच्या काचा फुंकून फुंकून पुसतात. सीलचा फोटो कोणी काढत नाही, म्हणून त्याच्याकडे बघायला वेळ नाही.

असो. भाच्याला पावडरचा डबा मी पाठवणार नाही, तिकडे मिळतो. फक्त पुढच्या वेळी कोणी तेलाचे बोट पुढे केले तर त्याने एवढेच विचारावे, 'ही वस्तू कशाची आहे, आणि तिने सरकायचे आहे की धरून बसायचे आहे?' उत्तर येईपर्यंत बोट डबीतच राहू दे.