मंत्र्यांना विचारायचा प्रश्न

कर्जमाफीची बातमी आली की आपल्या मंडळाच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो: ‘करदात्यांच्या पैशांवर शेतकऱ्यांची चंगळ!’ अमेरिकेत बसून तो पुढे ढकलण्याआधी एवढं आठवा. चीनशी व्यापारयुद्ध पेटलं तेव्हा याच अमेरिकेने आपल्या शेतकऱ्यांसाठी २०१८ मध्ये १२ अब्ज आणि २०१९ मध्ये १६ अब्ज डॉलर जाहीर केले. आयोवाचा शेतकरी तेव्हा आपल्या ग्रुपवर ऐतखाऊ ठरला नाही.

म्हणून कर्जमाफी योग्य, असं मी म्हणत नाही. सरकारी खर्च आणि गरिबी हाच माझ्या संशोधनाचा विषय आहे, आणि माझा आक्षेप वेगळा आहे. माफी बँकेच्या खात्यावर मिळते. ज्याने सावकाराकडून कर्ज काढलं त्याला ती मिळत नाही, आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्या शेतमजुराला तर नाहीच नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये दीड लाखापर्यंतची आणि २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची माफी दिली. तरी मागणी थांबली नाही, कारण कर्ज मुळात थकतं का, याला कुणी हात घातला नाही.

मग पैसा कुठे घालावा? उत्तर जुनंच आहे. शेंगेन फान, पीटर हेझेल आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातले सुखदेव थोरात यांनी १९९९ मध्ये भारतातल्या सरकारी खर्चाचा हिशेब मांडला. दर रुपयामागे सर्वांत जास्त गरिबी कमी केली ती ग्रामीण रस्त्यांनी, आणि त्याखालोखाल शेती संशोधनाने. रस्ता झाला की माल बाजारात पोचतो, मजुराला गावाबाहेर काम मिळतं. चांगलं वाण आलं की पीक वाढतं, धान्य स्वस्त होतं. आणि भूमिहीन माणूस धान्य विकत घेऊनच खातो. या दोन्हींच्या फायद्यासाठी सातबारा लागत नाही.

पण नवं वाण शेतात यायला कितीतरी वर्षं जातात आणि निवडणूक दर पाच वर्षांनी येते. म्हणून राहुरी, अकोला, परभणी, दापोलीच्या कृषी विद्यापीठांत पदं रिकामी राहतात आणि चौकाचौकात माफीचे फलक झळकतात.

आपल्या अधिवेशनांना मंत्री पाहुणे म्हणून येतात. आपण शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो, जेवायला जातो. या वेळी हात वर करा आणि विचारा: विद्यापीठांतली पदं कधी भरणार? ज्याला जमीनच नाही, त्याच्यासाठी यंदाच्या अंदाजपत्रकात काय आहे? मिळेल ते उत्तर ग्रुपवर टाका. तो मेसेज मी आनंदाने पुढे पाठवीन.