रात्री साडेदहाचे विषय

‘झोपेची एखादी हलकी गोळी द्या’ अशी मागणी झाली की मी उलट विचारतो : रात्री जेवणे आटोपल्यावर घरात कोणते विषय निघतात? उत्तरे बहुधा ठरलेली असतात. गृहकर्जाचा हप्ता, मुलाचे घसरलेले गुण, गावाकडच्या जमिनीची वाटणी. दिवसभर प्रत्येक जण आपल्या कामात; सारे एकत्र सापडतात ते साडेदहालाच. त्यामुळे सर्वांत जड विषय सर्वांत नाजूक वेळी निघतात.

नाजूक अशासाठी की, कॉर्टिसॉल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास नीचांकावर असते. निद्रेच्या तयारीत नाडी मंदावते, शरीराचे आतील तापमान किंचित उतरते. शब्दाला शब्द लागला की ॲड्रेनॅलिन स्रवते आणि ही उतरण थांबते. भांडण मिटले तरी शरीर लगेच शांत होत नाही. दिवा मालवून आपण कूस बदलत राहतो आणि मघाचेच संवाद, आता अधिक धारदार उत्तरांसह, मनात चालू राहतात. गाढ झोपेचा मोठा हिस्सा निद्रेच्या पहिल्या तृतीयांशात येतो. ताणाखाली तोच उथळ होऊ शकतो. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी चिडचिड वाढते आणि रात्री नवा वाद पेटायला तेवढे पुरते. (शेजारी कुणी निवांत घोरत असेल, तर कृपया राग धरू नका. ताण प्रत्येकाच्या झोपेवर सारखाच उतरत नाही.)

‘सोक्षमोक्ष लावूनच झोपावे’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला मला फारसा पटत नाही. थकलेल्या मेंदूने रात्री अकराला जमिनीची वाटणी होत नसते. ‘यावर उद्या सात वाजता, जेवणाआधी बोलू’ असे म्हणावे आणि ती वेळ खरोखर पाळावी. अन्यथा ती केवळ टाळाटाळ ठरते. प्रश्न एकट्याच्याच डोक्यात घोळत असेल तर वही घ्यावी. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या 2018 मधील एका छोट्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी 5 मिनिटे पुढील दिवसांची कामे लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी 9 मिनिटे लवकर झोप लागली. आकडा लहान आहे, पण वहीचे दुष्परिणाम नाहीत. साधारण वीस मिनिटांत डोळा लागला नाही, तर अंथरुणातून उठून मंद प्रकाशात काही वाचावे. घड्याळ पाहू नये. मद्याने डोळा लवकर लागतो खरा, पण उत्तररात्रीची झोप मोडते. शेजाऱ्याची गोळी तर मुळीच घेऊ नये.

आठवड्यातून तीन रात्री, असे तीन महिने झोप बिघडत असेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश समजावा. त्यावर पहिला उपचार गोळी नसून झोपेच्या सवयी व विचार बदलणारी वर्तनोपचार पद्धती हा आहे. पहाटे लवकर जाग येणे आणि त्याबरोबर कशातच रस न वाटणे, हे नैराश्याचे लक्षण असू शकते. तेव्हा मात्र तीन महिने थांबू नये. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतही बोलता येते.